रात्रीची हजेरी

घोरणाऱ्या मनुष्यास स्वतःचें घोरणें ऐकूं येत नाहीं, ही परमेश्वराची त्याच्यावर मोठीच कृपा म्हटली पाहिजे. साक्षीदार कितीही असले तरी आरोपी शपथेवर सांगूं शकतो कीं, आपण असें कांहीं केल्याचें आपल्यास मुळींच स्मरत नाहीं. हा बचाव आम्हीं वीस वर्षें मोठ्या यशानें चालविला. रेल्वेंतील सहप्रवासी, लग्नघरीं आमच्याच खोलींत गाद्या टाकून निजलेले आणि सकाळीं तांबारलेल्या डोळ्यांनीं आमच्याकडे पाहणारे पाहुणे, या सर्वांची साक्ष आम्हीं हंसण्यावारी नेली. शिवाय घोरणें हें गाढ झोंपेचें आणि गाढ झोंप हें निर्मळ मनाचें लक्षण, अशी आपल्या लोकांची समजूत. तेव्हां आम्हांस या गुणाचा थोडासा अभिमानच वाटत होता म्हणाना!

पत्नीची तक्रार मात्र निराळी होती, आणि तिच्यांतील निराळेपणा आम्हीं कधीं ध्यानींच घेतला नाहीं. ती म्हणे, "तुमच्या घोरण्याचं मला कांहीं नाहीं हो. तें थांबतं ना, त्याचीच भीति वाटते." आम्ही म्हणत असूं, घोरलें तरी दोष, थांबलें तरी दोष, मग माणसानें करावें तरी काय? एवढ्यावर तो विषय संपे.

तो पुन्हां निघाला तो साताऱ्याहून परततांना. दुपारची वेळ होती, जेवण बेताचेंच झालें होतें, रस्ता सरळ होता आणि मोटार आम्हीच चालवीत होतों. शिरवळ मागें टाकून थोडें पुढें आलों असूं. त्यानंतरचें आम्हांस आठवतें तें एवढेंच कीं, पत्नीचा हात सुकाणूच्या चाकावर होता आणि एका मालमोटारीची मागची बाजू, तिच्यावर लिहिलेलीं अक्षरें सावकाश वाचतां यावीं इतक्या जवळ आली होती. आम्हीं गाडी कडेला घेतली. ती कांहीं बोलली नाहीं, आम्हीही नाहीं. पुण्यास पोहोंचल्यावर तिनें न विचारतांच डॉक्टरांची वेळ ठरविली आणि आम्ही न कुरकुरतां गेलों, यावरून काय तें समजावें.

झोंपेची परीक्षा हा एक विलक्षण प्रकार आहे. इतर परीक्षांना जागरण करावें लागतें. येथें झोंपावें लागतें, आणि तेंही डोक्याला, हनुवटीला, छातीला व पायांना तारा चिकटवून आणि बोटाला चिमटा लावून. आम्ही पस्तीस वर्षें महाविद्यालयांत परीक्षक होतों. परीक्षार्थ्याच्या पोटांत कशी कालवाकालव होते तें इतक्या वर्षांनीं पुन्हां कळलें. निकाल लागला तो असा : तासाला ४२. म्हणजे एका तासांत ४२ वेळां आमचा श्वास एक तर साफ अडत होता, नाहीं तर निम्म्याशिम्म्यावर येत होता. निरोगी माणसांत हा आकडा ५ च्या आंत असतो; ५ ते १५ पर्यंत विकार सौम्य समजतात, १५ ते ३० पर्यंत मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. आयुष्यांत इतक्या वरच्या श्रेणींत आम्ही प्रथमच उत्तीर्ण झालों. डॉक्टरांनीं आकडा सांगतांच पत्नी म्हणाली, "चाळीस तरी असतीलच, मला वाटलंच होतं." तिला कसें वाटलें, हें विचारण्याचें त्या वेळीं आम्हांस सुचलें नाहीं.

या विकाराचें शास्त्र सांगावयास सोपें आहे. झोंपेंत सगळे स्नायु सैल पडतात, तसे गळ्याचेही पडतात. ज्याची मान जाड, गळा मुळांतच अरुंद किंवा खालचा जबडा मागें असेल, त्याच्या जिभेचें मूळ आणि मऊ टाळू मागें सरकून श्वासाची वाट बुजवितात. छाती भात्याप्रमाणें ओढीत राहते, पण हवा आंत जात नाहीं. दहा सेकंद, वीस सेकंद, कधीं याहूनही अधिक. रक्तांतला प्राणवायु उतरूं लागतो. मेंदु घाबरा होऊन झोंपलेल्याला डिवचतो. तो अर्धवट जागा होऊन एक प्रचंड घरघराट करतो, श्वास घेतो आणि पुन्हां निजतो. सकाळीं यांतलें कांहींही आठवत नाहीं. रात्रभर कोणी चाळीस-चाळीस वेळां उठविलेला मनुष्य दिवसां पेंगला तर नवल तें काय? रक्तदाब चढतो तोही यामुळें. कुंभकर्णाची चेष्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों, परंतु सहा महिने निजूनही ज्याची झोंप पुरी होत नसे त्या बिचाऱ्याची परीक्षा करण्याचें लंकेंतील एकाही वैद्यास सुचलें नाहीं! इंग्रजी वाचकांना डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधला जो हा लठ्ठ नोकर आठवत असेल. दार ठोठावतां ठोठावतां उभ्या उभ्या झोंपणाऱ्या या पोराला सारें जग शंभराहून अधिक वर्षें हंसलें, आणि मग १९५६ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं अशाच एका रोग्याचें वर्णन करतांना त्या कादंबरीचेंच नांव विकाराला दिलें. आपल्याकडे हा रोग परदेशी म्हणून झटकून टाकण्याचीही सोय नाहीं. डॉ. झरीर उदवाडिया यांनीं मुंबईंत केलेली पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ३५ ते ६५ वर्षांच्या शहरी पुरुषांपैकीं शेंकडा ७.५ जणांना हा विकार दिवसाच्या पेंगेसह आढळला होता.

उपाय म्हणून जें यंत्र आमच्या उशाशीं आलें, त्याचा जनक सिडनीचा कॉलिन सलिव्हन. त्याच्यापूर्वीं तीव्र रोग्याला एकच खात्रीचा इलाज होता. गळ्याला भोंक पाडून श्वासाची वाट खालून काढून देणें. १९८० सालीं सलिव्हननें केर ओढणाऱ्या यंत्राची मोटर घेऊन तिची हवा उलट दिशेनें नाकांत सोडली. हवेच्या दाबानें गळा उघडा राहिला आणि रोगी रात्रभर न अडखळतां झोंपला. पुढच्याच वर्षीं 'लॅन्सेट'मध्यें पांच रोग्यांची हकीकत छापून आली. औषध नाहीं, शस्त्र नाहीं, केवळ हवा! पण ती रोजच्या रोज, रात्रभर आणि जन्मभर घ्यावयाची. सारी मेख येथेंच आहे.

पहिल्या रात्रीचें वर्णन करूं नये हें बरें. नाकावर मुखवटा, त्याचे पट्टे डोक्याभोंवतीं, समोर लोंबणारी नळी. आरशांत पाहिलें तेव्हां गणेशचतुर्थी सरून गेल्यावर चुकून मागें राहिलेल्या मूर्तीसारखे आम्ही आम्हांस दिसलों. तोंड उघडलें कीं नाकांतली हवा तोंडावाटे भसकन् बाहेर. मुखवटा सैल असला कीं डोळ्यांत वारा, आवळला कीं नाकावर वळ. ओलाव्याच्या पेटींत शुद्ध केलेलें पाणी रोज भरावयाचें आणि नळी आठवड्यास धुवावयाची. दोन तास आम्ही सत्त्वधीरपणें पडून राहत असूं. तिसऱ्या प्रहरीं केव्हां तरी हात आपोआप पट्ट्याकडे जाई, आणि सकाळीं मुखवटा पलंगाखालीं सांपडे.

आणि येथें त्या फोनचा प्रवेश होतो.

"काका, गेल्या आठवड्यांत तुमचा वापर सरासरी दोन तास दहा मिनिटांचा आहे. कांहीं त्रास होतोय का?" आवाज कोंवळा होता, आदबशीर होता, आणि त्यानें आमच्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या शयनगृहांतली ही खबर हिला कोणी दिली? चौकशीअंतीं कळलें कीं, यंत्राच्या पोटांत मोबाईल फोनांत असतें तसलेंच एक यंत्र आहे, आणि तें रोज सकाळीं आम्ही चहा घेत असतांना रात्रीचा सारा वृत्तांत इस्पितळास कळवितें : मुखवटा कितीला चढविला, कितीला उतरविला, हवा किती गळली, दाब किती लागला, आणि एवढें करूनही श्वास किती वेळां अडला. यंत्र घेतांना कसल्याशा संमतिपत्रावर आम्हीं सही केली होती, हें खरें. पण न वाचतां सही करण्याच्या कामीं या देशांत प्राध्यापक आणि अडाणी यांच्यांत भेद नाहीं!

पस्तीस वर्षें आम्हीं वर्गांत हजेरी घेतली. गैरहजर मित्राच्या नांवाला आवाज बदलून "हजर, सर" म्हणणारे अनेक गडी आम्हीं पकडले. आतां वृद्धापकाळीं आमची स्वतःची हजेरी लागूं लागली, तीही झोंपेंत. मनुष्यस्वभाव पहा : चवथ्याच दिवशीं आम्ही त्या गड्यांचे शिष्य झालों. यंत्र सुरू करून मुखवटा उशीवर पालथा घातला आणि कूस बदलून सुखानें निजलों. यंत्रानें कांहीं वेळ हवा फुंकून पाहिली. समोर श्वास घेणारा कोणी नाहीं हें ओळखून तें आपलें आपणच बंद पडलें. दुसऱ्या दिवशीं फोन आला. "काका, काल फक्त थोडा वेळच लावला होता, आणि गळतीही फार दिसतेय. मुखवट्याचा आकार बदलून पाहूं या का?" तिला खरें काय तें कळलें होतें कीं नव्हतें, हें आम्हांस आजवर उमगलेलें नाहीं. कळलें असल्यास तिची सभ्यता आमच्याहून पुष्कळच मोठी होती.

आमची ही लबाडी कांहीं नवी नव्हे, हें पुढें वाचनांत आलें तेव्हां थोडा धीर आला. अमेरिकेंतील संशोधकांनीं यंत्रांत नोंद ठेवणारा छोटा संगणक बसवून ३५ रोग्यांचा वापर मोजला आणि तो १९९३ सालीं प्रसिद्ध केला. आपण रोज रात्रीं यंत्र लावतों असें शेंकडा ६० जणांनीं सांगितलें होतें. पण शेंकडा ७० दिवस निदान चार तास तरी लावणारे ३५ पैकीं १६ च निघाले. खोटें बोलण्याचा हेतु प्रत्येकाचा असेलच असें नाहीं. झोंपलेल्या मनुष्यास आपण यंत्र किती वेळ लावलें हें काय ठाऊक? आपल्या घोरण्याची वार्ता ज्याला नाहीं, तो आपल्या न घोरण्याची ग्वाही कशी देणार?

चार तासांची ही रेघ मात्र पुढें भलतीच बलवत्तर झाली. अमेरिकेंत वृद्धांच्या सरकारी विम्याचा नियम असा कीं, पहिल्या तीन महिन्यांत लागोपाठच्या ३० दिवसांपैकीं शेंकडा ७० रात्रीं चार चार तास यंत्र लावलेलें दिसलें, तरच त्याचे पैसे पुढें चालू राहावयाचे. वास्तविक ही रेघ सोयीची आहे, शरीरानें आंखलेली नव्हे. पांच तास लावणाऱ्याला चार तासांहून अधिक लाभ, सहावाल्याला त्याहून अधिक, आणि तीन तासही अगदींच फुकट जातात असें नाहीं. फ्रान्सनें याहून पुढची मजल मारली. २०१३ सालच्या एका आदेशानें दूरवरून घेतलेल्या या हजेरीवरच यंत्राच्या खर्चाची भरपाई अवलंबून ठेवली. रोगी व त्यांच्या संस्था संतापून तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनाकडे गेल्या, आणि मंत्र्यांना असा नियम करण्याचा अधिकारच नाहीं असें ठरून २०१४ सालीं तो आदेश रद्द झाला. ही बातमी वाचून आम्हीं मनांतल्या मनांत फ्रेंच प्रजासत्ताकाचा जयजयकार केला. उपाशी राहणाऱ्या रोग्याचें औषध तोडावें, कारण तो औषध घेत नाहीं, हा न्याय आम्हांस अजूनही पटत नाहीं. आपल्याकडे बहुतेक लोक हें यंत्र पदरचे पैसे मोडूनच घेतात, म्हणून हा तंटा अद्याप उद्भवलेला नाहीं. परंतु विमेवाले कांहीं झोंपलेले नाहींत, आणि आमच्या श्वासांची वही कोणाच्या दप्तरीं, कोणत्या देशीं पडून आहे, तें कोणी एका वाक्यांत सांगेल तर आम्ही त्याचे ऋणी होऊं.

दुसरी बाजूही आमच्या डॉक्टरांनीं लपविली नाहीं. हृदयविकाराच्या रोग्यांवर अनेक देशांत मिळून एक मोठा प्रयोग झाला. २०१६ सालीं त्याचा निकाल लागला तेव्हां यंत्र लावणाऱ्यांत हृदयाचे झटके व पक्षाघात कमी झालेले दिसलेच नाहींत. दिवसाची पेंग आणि घोरणें तेवढें कमी झालें. मात्र त्या रोग्यांचा वापर होता सरासरी ३.३ तास. "अर्धी रात्र औषध घेऊन पुऱ्या रात्रीचा गुण मागितल्यासारखं झालं का, यावर आमच्यांत अजून वाद आहे," असें डॉक्टर म्हणाले. ज्या वैद्याला आपल्या शास्त्रांतले वाद रोग्यापुढें मांडण्याची लाज वाटत नाहीं, त्याच्यावर आमचा विश्वास अधिक बसतो.

असें कांहीं दिवस चाललें. फोन येत होते, आम्ही सबबी सांगत होतों. मग एके दिवशीं त्या मुलीनें तास विचारले नाहींत. ती म्हणाली, "काका, तुमचा आलेख पाहत होतें. तुम्ही मुखवटा रोज तीनच्या सुमारासच काढतां. दोन पन्नास, तीन पांच, तीन. आणि त्याच्या आधीं श्वास अगदीं उत्तम चाललेला असतो. गळती नाहीं, कांहीं नाहीं. तीन वाजतां काय होतं?"

आम्ही "कांहीं नाहीं" म्हणणार, इतक्यांत पत्नीकडे लक्ष गेलें. ती पलीकडे भाजी निवडीत बसली होती. तिचे हात थांबले होते.

तें मग आम्हांस तिनेंच सांगितलें, त्या दिवशीं नव्हे, दोन दिवसांनीं. आमचे वडील झोंपेंतच गेले. पहांटे आई त्यांना उठवावयास गेली तेव्हां अंग गार होतें. तेव्हां पत्नी या घरीं येऊन पुरतें वर्षही झालें नव्हतें. वडीलही आमच्यासारखेच घोरत, किंबहुना आम्हीच त्यांच्यासारखे. ते कशानें गेले तें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं, आणि त्याचा संबंध या विकाराशीं लावण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण एवीतेवी घरभर ऐकूं येणारें घोरणें त्या पहांटे ऐकूं आलें नव्हतें, ही एकच गोष्ट तिनें मनाशीं धरून ठेविली होती. पुढें आमचें घोरणें थांबे तेव्हां तेव्हां ती अंधारांत आंकडे मोजीत असे. वीसपर्यंत मोजून झालें कीं आमच्या खांद्याला हात लावी. आम्ही घरघर करून कुशीवर वळत असूं. ती पुन्हां पडे. डॉक्टरांनीं सांगितलेला चाळीसचा आकडा तिला कसा ठाऊक होता, याचें उत्तर आम्हांस तेव्हां मिळालें.

आणि यंत्र आल्यावर काय झालें? घोरणें पार बंद पडलें. ज्या शांततेला ती इतकीं वर्षें भीत आली, ती शांतता आतां रात्रभर खोलींत भरून राहूं लागली. पूर्वीं निदान वीस अंक मोजल्यावर घरघराट येई; आतां कितीही मोजलें तरी कांहीं येत नसे. तीनच्या सुमारास तिला जाग येई, ती ऐके, आणि न राहवून आमच्या छातीवर हात ठेवी. आम्ही अर्धवट झोंपेंत तिच्या हातावर, यंत्रावर आणि एकंदर जगावर चिडून मुखवटा ओरबाडून फेंकीत असूं. मग आम्ही घोरूं लागलों कीं तिला झोंप लागे.

आम्ही बराच वेळ गप्प बसलों. इतक्या वर्षांत आम्हीं तिला "तूं रात्रीं झोंपतेस का?" असें एकदांही विचारलें नव्हतें. तो प्रश्न एका अपरिचित मुलीनें, कुठल्याशा इस्पितळांत बसून, आलेखावरील एका रेघेकडे पाहून विचारला. हेरगिरीबद्दल जें जें आम्हीं वर लिहिलें आहे, त्यांतला एक शब्दही आम्ही मागें घेत नाहीं; पण हेंही येथें लिहून ठेवणें भाग आहे.

त्या मुलीला सारें सांगितलें तेव्हां ती हंसली नाहीं, कीं तिनें उपदेशही केला नाहीं. "काकूंना फोन द्या," म्हणाली. दोघींचें अर्धा तास बोलणें झालें. मुखवट्याच्या पुढच्या बारीक भोंकांतून आमचा उच्छ्‌वास सतत बाहेर पडत असतो, आणि कान जवळ नेला तर तो लाटेसारखा चढउतार करीत ऐकूं येतो, हें तिनें पत्नीला शिकविलें. शिवाय पत्नीच्या मोबाईलवर असें कांहीं बसवून दिलें कीं, आदल्या रात्रीचा आमचा हिशेब सकाळीं तिलाही दिसावा. पहिल्या रात्रीं ती दोनदां उठली. पण हात छातीवर ठेवण्याऐवजीं कान मुखवट्याजवळ नेला. आम्हांस जाग आली नाहीं. हें आम्हांस सकाळीं कळलें, तिच्याकडून. महिन्याभरानें आमची सरासरी साडेपांच तासांवर गेली.

हल्लीं त्या मुलीचा फोन येत नाहीं. ती दुसरीकडे नोकरीस गेली असें कळतें. आतां यंत्राकडून आपोआप संदेश येतात. लहान मुलाच्या पाटीवर शाबासकी लिहावी तसे. अमेरिकेंत अशा आपोआप जाणाऱ्या संदेशांची परीक्षा घेतली आहे, आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत संदेश व शिकवणी दोन्ही मिळालेल्या रोग्यांचा वापर इतरांच्या ३.८ तासांवरून ४.८ पर्यंत चढलेला दिसला. तेव्हां त्यांचा उपयोग नाहीं असें आम्ही कसें म्हणावें? मात्र तीन वाजतां काय होतें, हें त्यांनीं आम्हांस अजून विचारलेलें नाहीं.

गेल्या आठवड्यांत मध्यरात्रीं वीज गेली. यंत्र थांबलें, आम्ही गुदमरून उठलों, मुखवटा काढला आणि पाणी प्यालों. पत्नी पलीकडे निजली होती. तिचा श्वास संथ चालला होता. आम्ही अंधारांत बसून तो ऐकत राहिलों, आणि वीज आल्यावर मुखवटा पुन्हां चढविला. सकाळीं ती चष्मा लावून मोबाईलमध्यें पाहत म्हणाली, "काल पावणेपांचच? आणि मधेंच पाऊण तास कुठं गेला होतात?"